टाळ्या कोणाच्या?

मे २०१८ मध्ये रोसालिया या पंचविशीतील गायिकेचे ‘मालामेंते’ हे स्पॅनिश गीत प्रसिद्ध झाले आणि पाहता पाहता ते स्पेनच्या सीमा ओलांडून गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये या एका गीताला दोन लॅटिन ग्रॅमी पारितोषिके मिळाली. लोकप्रिय गीते येतात आणि हंगाम सरला की विरतात; त्यांची दखल अग्रलेखाच्या पानाने घ्यावीच, असे नाही. परंतु या गीताने स्पेनमध्ये उभा केलेला वाद गीताहून मोठा होता. आणि त्याचा एक धागा, दूरचा का होईना, भारतापर्यंत येतो.

‘मालामेंते’ म्हणजे ‘वाईट रीतीने’. उपशीर्षक आहे ‘अपशकुन’. यंत्रावर रचलेल्या खर्जातील ठेक्यावर फ्लामेंको गायनातील हातांच्या टाळ्या (त्यांना तिकडे ‘पाल्मास’ म्हणतात) आणि त्यांवर गायिकेचा स्वर, अशी ही मोजकी रचना आहे. ‘एल माल केरेर’ या अकरा गीतांच्या संग्रहाचा तो पहिला अध्याय. संग्रहाचे कथासूत्र तेराव्या शतकातील ‘फ्लामेंका’ या काव्यातून घेतलेले. पत्नीला कोंडून ठेवणाऱ्या संशयी पतीची ती कथा. बार्सेलोनाच्या उच्च संगीत विद्यालयात हीच कल्पना या गायिकेने पदवीसाठी सादर केली होती. बाजारात मागणी आहे म्हणून फ्लामेंकोचा मुलामा चढविणाऱ्यांपैकी ती नव्हे, एवढे यावरून मान्य करावयास हरकत नाही.

तरीही आक्षेप आला. रोसालिया कातालोनियाची, अंदालुसियाची नव्हे आणि हितानो, म्हणजे स्पेनमधील रोमा, समाजाची तर नव्हेच. मग अंदालुसी उच्चार आणि हितानोंच्या जीवनातील प्रतिमा तिने कोणत्या अधिकाराने वापराव्यात, असा प्रश्न त्या समाजातील कार्यकर्त्यांनी विचारला. ‘कलेला मालक नसतो’ हे त्यावरचे उत्तर ऐकावयास गोड आहे. परंतु ते देणाऱ्यांना इतिहासाचे विस्मरण झालेले दिसते. १७४९ मध्ये स्पेनच्या राजसत्तेने देशभरातील हितानोंना एकाच वेळी पकडण्याचा हुकूम काढला. हजारो माणसे बंदिवान झाली. पुरुषांना आरमाराच्या गोद्यांत राबविण्यात आले, स्त्रिया व मुले वेगळी कोंडली गेली. रोमांचे पूर्वज भारतातून गेले, हे भाषाशास्त्राने केव्हाच दाखवून दिले आहे. रोमानी भाषेतील ‘दुय’, ‘त्रिन’, ‘पांज’ हे अंक मराठी कानाला परके वाटू नयेत. ज्यांना गावात थारा नव्हता त्यांच्याच गाण्याचा पुढे फ्रँकोच्या राजवटीने परदेशी प्रवाशांना आकर्षित करण्यासाठी उपयोग करून घेतला!

शुद्धतावाद्यांची तक्रार मात्र वेगळी आहे आणि तिची या आक्षेपाशी गल्लत होता कामा नये. फ्लामेंको भ्रष्ट होत असल्याची चिंता १९२२ मध्येही होती. त्यापोटीच मान्वेल दे फाया आणि कवी लोर्का यांनी ग्रानादात गायनस्पर्धा भरविली. १९७९ मध्ये कामारोन या थोर गायकाने विद्युत्वाद्यांसह ध्वनिमुद्रिका काढली, तेव्हाही नाके मुरडली गेली. आणि कामारोन स्वतः हितानो होता! आज तीच ध्वनिमुद्रिका मैलाचा दगड मानली जाते. भेसळीची ओरड काळच निकालात काढतो. न्यायाचा प्रश्न तसा आपोआप सुटत नाही.

म्हणूनच एका तरुण गायिकेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून वाद मिटविणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही. तिने वर्षानुवर्षे गुरूकडे बसून विद्या मिळविली. ती वापरण्याचा तिचा हक्क नाकारता येणार नाही. जाब विचारावयाचा तो ध्वनिमुद्रण कंपन्यांना आणि संगीत विद्यालयांना. युनेस्कोने २०१० मध्ये फ्लामेंकोचा जागतिक वारशात समावेश केला, तेव्हा हितानो समाजाचा त्यातील वाटा मोलाचा असल्याचे नमूद केले. तो वाटा कंपन्यांच्या करारनाम्यांत आणि विद्यालयांच्या शिष्यवृत्त्यांत किती उतरला, याचा हिशेब स्पेनच्या सांस्कृतिक खात्याने मांडावयास हवा.