काचेवरचे शिक्षण

एखादे नवे साधन हाती आले, की ते सर्व ठिकाणी व सर्व वयांत सारखेच उपयोगी पडेल, असे मनुष्यास वाटू लागते. परंतु साधनाची योग्यता नुसती साधनात नसते. ते कोणाच्या हाती पडते यावरही ती अवलंबून असते. सुताराच्या हातात करवत शोभते. म्हणून ती कोणी पाळण्यात नेऊन ठेवीत नाही.

आज आपल्या पुष्कळ शाळांतून टॅब पोचले आहेत. सातवी-आठवीतील विद्यार्थ्यास त्यावर दूरदेशांचे नकाशे पाहता येतात, हृदयाचे कार्य कसे चालते ते समजते, हवा तो शब्दकोश क्षणात उघडता येतो. या लाभाबद्दल कोणाचीच तक्रार असू नये. परंतु हेच टॅब बालवाडीतील तीन-चार वर्षांच्या मुलांच्या हाती द्यावेत, म्हणजे त्यांचे शिक्षण लवकर सुरू होईल, असा आग्रह जेव्हा धरला जातो, तेव्हा मात्र थोडे थांबून विचार केला पाहिजे.

या वयातील मूल शिकते कसे? ते प्रथम हातांनी शिकते. पाच चिंचोके मोजावयास बसलेले मूल पाहा. एक चिंचोका निसटतो, पाटाखाली जातो, मोजणी चुकते, मूल वाकून तो शोधून काढते आणि पुन्हा पहिल्यापासून मोजते. ‘पाच’ म्हणजे काय, हे त्या शोधाशोधीत त्यास कळलेले असते. टॅबवर मात्र चित्रातील आंब्यावर बोट ठेवले की गोड आवाजात शाबासकी मिळते. त्या आंब्याला वास नाही, वजन नाही, देठाशी चीक नाही. आंबा असो, दगड असो की सशाचे पिल्लू असो, बोटाला लागते ती एकच गुळगुळीत काच!

थोर बालशिक्षणतज्ज्ञांनी हे मर्म फार पूर्वी ओळखले होते. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम येथे गरीब कामकऱ्यांच्या मुलांसाठी बालगृह उघडले. तेथे मुले खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवीत आणि अक्षराचे वळण डोळ्यांइतकेच बोटांनीही शिकत. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डी या गावी ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या. महागडी साधने खेड्यास परवडणारी नव्हती. तेव्हा या दोघींनी शंख-शिंपले, खडे, बिया, पाने यांनाच शिक्षणाची साधने बनविले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळाच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ या शब्दामागे हा इतिहास उभा आहे.

कोणी म्हणेल, “तो काळ वेगळा होता. तेव्हा टॅब असते, तर ताराबाईंनीही ते वापरले असते.” या प्रश्नाचे उत्तर अनुमानाने देण्यापेक्षा प्रयोगाने देणे बरे. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कूल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील नऊ महिन्यांच्या बालकांशी चिनी भाषा बोलणाऱ्या व्यक्ती प्रत्यक्ष खेळल्या व बोलल्या. अशा बारा बैठका झाल्या. त्यानंतर त्या भाषेतील ध्वनींचा सूक्ष्म भेद त्या बालकांना ओळखता येऊ लागला. दुसऱ्या काही बालकांना त्याच व्यक्ती पडद्यावर दाखविण्यात आल्या. तेच शब्द, तीच खेळणी. परंतु ती बालके काहीच शिकली नाहीत. बालवाडीतील मुले त्यांच्याहून मोठी असतात, हे खरे. तथापि समोरचे माणूस आपल्याकडे पाहून हसते, आपण दाखविलेल्या वस्तूकडे वळते, या देवाणघेवाणीतूनच भाषा रुजते, हे यावरून उघड होते.

टॅबच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगितली जाते : त्याने वर्ग शांत राहतो. ते खरे आहे. पण बालवाडी शांत असावी, असे कोणी ठरविले? ज्या खोलीत तीस मुले भांडतात, रुसतात, गाणी म्हणतात आणि एकाच चेंडूसाठी रांग लावावयास शिकतात, ती खोली शांत कशी असेल? तेथील गलबला हाच तेथील अभ्यास होय.

याहून गंभीर आक्षेप समतेचा आहे. श्रीमंतांच्या मुलांना टॅब मिळतात. मग गरिबांच्या मुलांना ते का नाकारावेत? हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. परंतु सुखवस्तू घरातील मुलास खरोखर जे अधिक मिळते, ते म्हणजे गोष्टी सांगणारी माणसे, चित्रांची पुस्तके आणि ‘हे काय?’ या प्रश्नाला उत्तर देण्याची कुणाची तरी सवड. समता साधावयाची असेल, तर या गोष्टी गरिबाच्या मुलापर्यंत पोचविल्या पाहिजेत. एक पडदा देऊन एक शिक्षिका कमी केली, तर ती समता नव्हे. ती फसवणूक होय.

जगातही आता हाच विचार बळावत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली असे सांगितले, की एक वर्षाखालील बालकास पडदा मुळीच दाखवू नये. तीन-चार वर्षांच्या मुलाने बसल्या जागी पडदा पाहण्याचा काळ दिवसाकाठी एका तासाहून अधिक नसावा, आणि तो जितका कमी तितका चांगला. तो तास पुष्कळ मुलांचा घरीच संपून गेलेला असतो. मग शाळेने आणखी कोठून आणावा? स्वीडनने डिजिटल साधनांना शिशुशाळांच्या अभ्यासक्रमात स्थान दिले होते. पण त्यांची सक्ती मागे घेण्याचा मनोदय तेथील शासनाने २०२३ साली जाहीर केला. त्याच वर्षी आपल्या केंद्र शासनाने तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ पुढे आणला. त्यात मुख्यतः खेळणी, कोडी, बाहुल्या व गोष्टींची चित्रे आहेत.

याचा अर्थ टॅब हा शत्रू आहे, असा नव्हे. २०२० साली शाळा बंद पडल्या, तेव्हा अनेक घरांत तोच शाळेचा दरवाजा झाला. ज्या मुलास बोलता येत नाही, त्याच्या वतीने बोलणारे यंत्र हे त्याचे वरदानच आहे. शिक्षिकेने नवी गाणी, नव्या गोष्टी शोधण्यासाठी टॅब जरूर वापरावा. मात्र तो तिच्या हाती असावा. बालकाच्या हाती माती, रंग, पाने आणि दुसऱ्या बालकाचा हात असावा.

विद्यार्थी मित्रांनो, हा प्रश्न केवळ शाळाचालकांचा नाही. तुमच्या घरी धाकटे भावंड असेल. ते रडू लागले की त्याच्यापुढे मोबाईल धरणे सोपे असते, आणि ते काम बहुधा तुमच्याकडेच येते. त्या वेळी त्यास एखादी गोष्ट सांगा, अंगणात न्या, मूठभर चिंचोके त्याच्यापुढे टाका. काच त्याला पुढे आयुष्यभर भेटणारच आहे. बालपण मात्र एकदाच भेटते.