खुराडे झाका, पण कोंडू नका



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या सर्वांच्या तोंडी दोनच गोष्टी असतात. तोड कधी येणार आणि टनेज किती पडणार. ते साहजिकच आहे. पण याच दिवसांत थंडी पडते आणि परसातल्या खुराड्याकडे घरच्या कर्त्या माणसाचे लक्ष नसते. ‘ते बायकांचं काम’ असे म्हणून आपण मोकळे होतो. उसाचे बिल हप्त्याहप्त्याने येते आणि बरेचसे सोसायटीच्या कर्जात वळते होते. अंड्यांचे पैसे मात्र दर बाजाराला, रोख, घरधनिणीच्या हातात पडतात. पोराची वही, म्हातारीचे औषध, आल्यागेल्याचा चहा त्यातूनच निघतो. म्हणून थंडीपूर्वी खुराड्याची तजवीज करणे हे कारभाऱ्याचेही काम आहे. आणि ती तजवीज आपण पुष्कळजण उलटी करतो, हे मला येथे सांगावयाचे आहे.

मी स्वतः ती उलटीच केली. निफाडकडचा पारा पाच अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या आपण हिवाळ्यात ऐकतो. गेल्या मार्गशीर्षात असेच गार वारे सुटले, म्हणून मी खुराड्याला चारी बाजूंनी प्लास्टिकचा कागद गुंडाळला. फट म्हणून ठेवली नाही. आठव्या दिवशी सकाळी दार उघडले तर कागदाला आतून पाण्याचे थेंब, डोळे चुरचुरतील असा वास, आणि कोंबड्या घशात घुरघुरत होत्या. अकरापैकी तीन गेल्या. घरात कोणी मला बोल लावला नाही, पण त्या महिन्यात नातीच्या सहलीचे पैसे राहिले ते राहिलेच.

पुढे लेकीकडे दिव्याला जाण्याचा योग आला. दिवा म्हटले की आपल्यासमोर लोकलची गर्दी आणि चाळी येतात. पण आगासन, दातिवली, साबे ही तिथली जुनी गावे. लेकीचे सासर आगासनचे. मागच्या परसात विहीणबाईंच्या दहा-बारा गावठी कोंबड्या आहेत. तिथे आपल्यासारखी कडाक्याची थंडी नाही, पण खाडी जवळ, त्यामुळे हवेतच ओल आणि पहाटे दव. तरीही त्यांचे खुराडे कोरडे ठणठणीत! जमिनीपासून हातभर उंच. वाऱ्याच्या बाजूला गोणपाट, पण छपराखाली चार बोटे फट मोकळी. तळाला भाताचे तूस. माझी हकिगत ऐकून त्या म्हणाल्या, “दादा, कोंबडी पांघरूण अंगावर घेऊनच फिरते. तिला कोरडं ठेवा आणि वारा अंगावर येऊ देऊ नका. बाकी तिचं ती बघते.”

विचार केला तर बाईंचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. कोंबडीच्या अंगाची उष्णता ४१ अंशांच्या आसपास असते. पिसे फुलवून ती ऊब धरून ठेवते. पण पिसे ओली झाली की ऊब गेली. तिच्या विष्ठेत तीन हिस्से पाणीच असते, शिवाय रात्रभर श्वासाची वाफ. खुराडे कोंडले की ही सगळी ओल आत राहते, विष्ठा कुजून अमोनिया सुटतो आणि छाती धरते. थंडीने मरते असे आपण म्हणतो, पण पुष्कळदा ती आपण कोंडल्यामुळे मरते.

आता करावयाचे काय? वाऱ्याच्या बाजूने कोंबडीच्या डोक्याइतक्या उंचीपर्यंत गोणपाट किंवा कूड लावा आणि वरची फट जाळी मारून उघडी ठेवा. जाळी घट्ट असावी, नाहीतर मुंगूस आणि रानमांजर आहेतच. बसायला दोन इंच रुंद चपटी पट्टी द्या, म्हणजे बोटे पिसांखाली झाकली जातात. तळाला तीन-चार इंचांची गादी करा. आपल्याकडे तूस नाही, पण पाचट आहे. ते शेतात जाळू नये हे आपण ऐकतोच. त्यातलेच दोन भारे वाळवून, बारीक कुट्टी करून वापरा. लांब पाचट टाकले तर त्याची चटई बनते आणि खाली ओल धरते. बगॅस मिळाला तर उत्तम, मात्र कारखान्यातून निघालेला ताजा बगॅस निम्मा पाण्याचा असतो. तो कडकडीत वाळवूनच घाला, नाहीतर बुरशी येते. गादी तीन-चार दिवसांनी हलवा. मुठीत दाबून गोळा झाला तर ती ओली समजावी आणि बदलावी.

संध्याकाळी मूठभर मका किंवा बाजरी टाका, सकाळी कोमट पाणी द्या. अंडी कमी झाली म्हणून कोंबडी विकू नका. पौषात आपला दिवस अकरा तासांच्या आसपास असतो आणि अंड्यावरच्या कोंबडीला चौदा-सोळा तास उजेड लागतो. दोष तिचा नाही. पहाटे दिवा लावायचा असेल तर तो पाचटापासून दूर बांधा. एका ठिणगीत सगळे जाईल.

शेवटचा मुद्दा रोगाचा. मानमोडी म्हणजे रानीखेत. तिची लस थंडीपूर्वीच द्यावी लागते, आणि इथेच आपण एकेकटे कमी पडतो. लसीच्या एका कुपीत शंभर आणि त्याहून जास्त कोंबड्यांची मात्रा असते, ती बर्फात ठेवावी लागते आणि फोडल्यावर दोन तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांची बाई एवढे कुठून करणार? म्हणून माझी सूचना अशी की कारखान्याच्या शेतकी खात्याने पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीने गटवार एक दिवस ठरवावा. उसासाठी आपण एकत्र आलो, मग कोंबडीसाठी का नाही?

आणखी एक. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये दिव्याच्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातील वेहळोलीला बर्ड फ्लू निघाला, तेव्हा हजारो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. तेव्हा नवी कोंबडी पंधरा दिवस वेगळी ठेवा, रानपाखरांना त्यांच्या दाण्यापाण्यावर येऊ देऊ नका. अचानक मर झाली तर मेलेल्या कोंबड्या खाऊ नका, ओढ्यात टाकू नका, दवाखान्यात कळवा.

या सर्वाला कारभाऱ्याचा अर्धा दिवस लागतो. मी तो यंदा दिला. आठ उरल्या होत्या, त्यातली एक खुडूक बसली आणि आज खुराड्यात चौदा आहेत. इतर सभासदांनीही आपला अनुभव या अंकाकडे अवश्य कळवावा, ही विनंती.

— एक ऊस उत्पादक सभासद