शेवटचे धडधाकट कधी होते?

इस्पितळाच्या दारात डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो हाच. आम्ही सांगितले, "साडेपाचला फजरसाठी उठवायला गेलो, तर अब्बांचा उजवा हात लुळा, तोंड वाकडे." बाई म्हणाल्या, "ते नव्हे. त्याआधी त्यांना धडधाकट कोणी पाहिले? किती वाजता?" अब्बा इशानंतर दहाला झोपले होते. म्हणजे त्यांच्या लेखी घड्याळ रात्री दहालाच सुरू झाले होते.

फालिज, लकवा, अर्धांगवायू, नावे वेगळी पण बिघाड मेंदूतला. बहुतेक वेळा रक्ताच्या गुठळीने वाहिनी बंद होते, काही वेळा वाहिनी फुटते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते, म्हणून आधी सीटी स्कॅन. गुठळी असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन मिळते. रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जिवावर बेतेल. (घरातली रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने देऊ नये, ती याचसाठी.) १९९५ साली हे इंजेक्शन तीन तासांच्या आत उपयोगी ठरल्याचे दिसले, २००८ साली ती मुदत साडेचार तासांपर्यंत गेली. मोठी वाहिनी बंद असेल तर मांडीतून नळी घालून गुठळी ओढून काढतात. निवडक रुग्णांत हे २४ तासांपर्यंतही करता येते. तेव्हा उशीर झाला म्हणून घरी ठेवण्यात काही अर्थ नाही. अब्बांची बंद झालेली वाहिनी लहान होती, नळीचा उपाय लागू नव्हता.

संध्याकाळी अम्मी इस्पितळात आल्या. सकाळी घाईत त्यांना गाडीत घेतलेच नव्हते. त्या सहज बोलून गेल्या, "साडेतीनला तहज्जुदला उठले होते की. पाणी गार आहे का, म्हणून मला विचारले." स्वच्छ बोलले होते, चालत मोरीपर्यंत गेले होते. म्हणजे घड्याळ साडेतीनचे होते आणि मुदत आठपर्यंत. आम्ही पोहोचलो आठ वाजून चाळीस मिनिटांनी.

साडेपाच ते साडेसात आम्ही काय करत होतो? हाताला तेल चोळत होतो. शेजारच्या खालांनी मध चाटवला. एका बुजुर्गांनी कबुतराचा रस्सा सुचवला, दुसऱ्यांनी लकव्याचे औषध देणारे गाव. इस्पितळ तासाभराच्या वाटेवर. पावणेसहाला निघालो असतो तर सातच्या आत पोहोचलो असतो. अमुक वाजता निघालेली गाडी कधी पोहोचेल, ही गणिते आम्ही वर्गात वर्षानुवर्षे घालतो.

म्हणून हसायला सांगा, दोन्ही हात उचलायला सांगा, एक वाक्य बोलायला सांगा. एक जरी बिघडले तरी १०८ ला फोन करा, आणि जिथे सीटी स्कॅन व हे इंजेक्शन दोन्ही आहेत अशाच ठिकाणी न्या. रात्री जवळ असणाऱ्या माणसाला सोबत घ्या, मग ती बाई असो की पोर.

मधाचेही ऐका. वॉर्डात अब्बांना ताठ बसवून चमचाभर पाणी देऊन पाहिले, तर ठसका लागला. गिळण्याचे स्नायूच दुबळे झाले होते. तोंडातले फुप्फुसात गेले की न्यूमोनिया होतो. काही दिवस नाकातल्या नळीनेच अन्न दिले. स्ट्रोकच्या वेगळ्या वॉर्डाचा फायदा आम्हाला असा कळला: कुशीवर वळवणाऱ्या नर्स, दुसऱ्या दिवशीच बसते करणारे फिजिओथेरपिस्ट, वाचा-उपचार करणाऱ्या ताई, सगळे एकमेकांशी बोलून काम करतात. दुबळा हात धरून रुग्णाला ओढू नका, खांदा निखळतो, हे त्यांनी आल्यागेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगितले.

वाचेने मात्र आम्हाला चकवले. आठव्या दिवशी अब्बांनी सूरह फातिहा अडखळत का होईना, पूर्ण म्हटली. घरात आनंद झाला. मग पाणी मागायला मात्र शब्द येईना, 'नको'च्या जागी 'हो' येई. चुलतभाऊ म्हणाले, "बोलता येते, हट्ट करतात." ताईंनी समजावले, आयुष्यभर पाठ असलेले, अंक किंवा दुआ, आपोआप बाहेर पडते, मनातले नवे वाक्य जुळवणे हे मेंदूचे वेगळे काम आहे. घरात जी भाषा बोलता तीच बोला, लहान वाक्ये बोला, उत्तराला वेळ द्या. आम्ही दखनीतच बोलत राहिलो. शाळेच्या जुन्या वहीत पेला, मोरी, रजई, नातू अशी चित्रे चिकटवली. अब्बा बोट ठेवत. एकदा चिडून वही भिरकावली, दोन दिवस कोणाशी नजर मिळवली नाही. ही उदासीही आजाराचाच भाग असते आणि तिच्यावर उपचार असतो, हे डॉक्टरांना विचारल्यावर कळले.

पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा वेगाने होते, पुढे सावकाश. आम्ही प्रेमापोटी घास भरवत होतो. ते बंद करून चमचा त्यांच्या उजव्या हातात दिला तेव्हा दुपट्टाभर वरण सांडले. सहा महिन्यांनी ते काठीने मशिदीच्या फाटकापर्यंत गेले. नमाज खुर्चीवर बसून होते.

मूळ कारण निघाले रक्तदाब. रमजानमध्ये सकाळची गोळी सुटली, ईद झाली तरी सुरू झाली नाही, कारण "बरे तर वाटते." वेळ बदलायची होती, तर रमजानपूर्वीच डॉक्टरांना विचारायला हवे होते. आता गोळ्यांचा कागद फ्रीजवर आहे. अम्मी रात्री अब्बा झोपले की भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहतात, आणि तहज्जुदला ते उठले की पुन्हा पाहतात.