समजले ना?

गेल्या श्रावणातली गोष्ट. दीड वर्षाच्या नातवाला रात्रीपासून जुलाब लागले. सकाळी सूनबाई त्याला जवळच्या दवाखान्यात घेऊन गेली. गर्दी फार होती. डॉक्टरांनी ओआरएसची पाकिटे लिहून दिली, पाण्यात विरघळवून घोटघोट पाजायला सांगितले आणि विचारले, "समजले ना?" सूनबाई "हो" म्हणाली. ती एम. एस्सी. झालेली, बडोद्यात वाढलेली. मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी चारही भाषा वाचणारी. घरी येऊन तिने अख्खे पाकीट पेलाभर पाण्यात कालवले. पाकीट होते साडेवीस ग्रॅमचे, म्हणजे एक लिटर पाण्याचे!

दुपारी पोर तहानेने कासावीस झाले, तेव्हा पुन्हा दवाखाना गाठला. तिथल्या वयस्क नर्सबेननी एकच विचारले, "कई रीते बनाव्युं? मने करी बतावो." सूनबाईने पाकीट फोडून पेला पुढे ओढला, तोच त्यांनी तिचा हात धरला. इतक्या दाट मिश्रणाने बाळाच्या रक्तात मीठ वाढून झटकेसुद्धा येऊ शकतात. आमचे दैव बलवत्तर, फारसे पोटात गेले नव्हते.

सूचना पाकिटावर छापलेली होती. मग चुकले कोठे? मला वाटते, चूक त्या प्रश्नातच होती. "समजले ना?" या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर असते. डॉक्टरांपुढे "नाही समजले" म्हणणे म्हणजे जणू त्यांचा वेळ खाणे. नर्सबेननी विचारले नाही, करून दाखवायला लावले.

या औषधाचा इतिहासच मुळी शिकवण्याचा इतिहास आहे. 1971 साली बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांचे लोंढे आले आणि बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी तोंडाने द्यायला सुरुवात केली. ते पाजले रुग्णांच्या आप्तांनी! सुमारे तीस टक्क्यांवर असलेले मृत्यू साडेतीन टक्क्यांच्या आसपास आले.

पण छावणीत डॉक्टर समोर होते. खेड्यातल्या आईचे काय? 1980 पासून दहा वर्षे बांगलादेशातील 'ब्रॅक' या संस्थेच्या स्त्री-कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन हे शिकवले. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. घरोघरची भांडी निराळी, म्हणून घरातल्याच एखाद्या भांड्यावर अर्ध्या शेराची खूण करून दिली जाई. आणि खरी गंमत पुढेच आहे. काही आठवड्यांनी दुसराच माणूस येऊन काही घरांतल्या आयांना मुद्दे विचारी, पाणी बनवायला लावी, आणि त्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासला जाई. शिकवणारीचा मोबदला त्या परीक्षेवर ठरे. नापास कोण? आई नव्हे, शिकवणारी! आमच्या शाळा-कॉलेजांत हा नियम लागू केला तर काय हाहाकार होईल, याची कल्पना करावी.

तरीही आरंभी एक अडचण आली. आयांना कृती मुखोद्गत होती, पण मूल आजारी पडले की त्या पाणी करीतच ना. शोध घेता उमगले, की खुद्द कार्यकर्त्यांचाच त्यावर पुरता विश्वास नव्हता. त्या स्वतः आजारी पडल्या की गोळ्या घेत. मग त्यांना या पाण्याचे शास्त्र नव्याने समजावून द्यावे लागले. शिवाय घरातल्या पुरुषांना कोणी विचारलेच नव्हते. त्यांच्याकरिता बाजारात आणि मशिदींत सभा घेतल्या. दहा वर्षांत एक कोटीहून अधिक घरे झाली.

आपल्या गडचिरोलीतही हाच धडा मिळतो. न्यूमोनिया ओळखण्यासाठी बाळाचे श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांखालील बाळाचे मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास धोक्याचे. पण मोजणी न येणाऱ्या दाईने काय करावे? डॉ. अभय बंग यांनी तिच्या हाती मणी सरकवण्याची पाटी आणि एका मिनिटाची वाळूची घटिका दिली. दर दहा श्वासांना एक मणी. दाईला गणित शिकवत बसण्यापेक्षा साधनच तिच्याजोगे केले.

आमच्या घरी आता लिटरच्या एका स्टीलच्या बरणीवर आतून खूण ओरखडली आहे. पाकीट नसेल तर त्याच खुणेपर्यंत उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचाच, पोह्यांचा नव्हे. परवा शेजारच्या वहिनी विचारायला आल्या. सूनबाईने त्यांना सांगितले, आणि मग बरणी त्यांच्याच हाती देऊन म्हणाली, "वहिनी, आता तुम्ही करा, मी बघते." वहिनींनी पहिलाच चमचा शिगोशीग भरला.