होम स्टेजरचे पैसे वाया जात नाहीत



घर विकायला काढलं आणि होम स्टेजरचं नाव घेतलं, की घरातून लगेच ऐकू येतं, "कशाला हा खर्च? दोन दिवस रजा काढ आणि तूच आवर." मला हे अजिबात पटत नाही. ८० लाखांच्या फ्लॅटवर एक टक्का दलाली म्हणजे ८० हजार रुपये. ते आपण मुकाट्याने मोजतो. पण घर दाखवण्याजोगं करायला दाम द्यायची वेळ आली, की ते बाईचं काम, म्हणून फुकट!

दुसरा आक्षेप धर्माच्या नावाने येतो: हा दिखावा जैनांना शोभत नाही. पण चांगला स्टेजर घरात काही आणण्याआधी बरंच काही बाहेर काढतो. माळ्यावरचे रिकामे डबे, लग्नात आलेली न वापरलेली भांडी, कपडे वाळत घालायची झालेली व्यायामाची सायकल. गिऱ्हाइकाला भिंती, उजेड आणि वावरायला जागा दिसायला हवी. आसक्ती हाच परिग्रह, असं तत्त्वार्थसूत्र सांगतं. आपली आसक्ती आपल्याला दिसत नाही, परक्या माणसाला मात्र पटकन दिसते. म्हणून हे काम घरच्यांच्या हातून नीट होत नाही.

मात्र पावसाळ्यात भिंतीला येणारी ओल नव्या रंगाखाली झाकली, तर त्याला सजावट म्हणू नका. खोटा माल खरा म्हणून खपवणं, म्हणजे प्रतिरूपक व्यवहार, हा अचौर्य अणुव्रताचा अतिचार आहे. कायदाही तेच सांगतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार, साध्या पाहणीत न दिसणारा मोठा दोष आपल्याला माहीत असेल, तर तो घेणाऱ्याला सांगायलाच हवा.

तेव्हा स्टेजरला कामाआधीच तीन गोष्टी बजावा. दोष झाकायचे नाहीत. चामड्याची आणि रेशमाची वस्तू घरात आणायची नाही. देव्हाऱ्याला हात लावायचा नाही, तो आपण आधीच शुद्धतेने हलवू.

एवढं पाळणारा स्टेजर मिळाला, तर त्याची फी दलालीइतक्याच सहज द्या. आणि घरच्यांना सांगा, रजा मी काढणार नाही.