गाळलेल्या पाण्याच्या घरात चापटीचा आवाज



आज जरा कडक लिहिणार आहे. राग आला तर माझ्यावर काढा, पण शेवटपर्यंत वाचा.

विषय ऐकून काहीजणी हसतील. बाळाचा लंगोट बदलताना ते वळवळते, त्याचे काय करायचे? उताणे ठेवले की पालथे होते, पाय झाडते, हातातून निसटून रांगत सुटते, आणि शी चादरीला, भिंतीला, आपल्या साडीला. घरोघरची गोष्ट. यावर लेख कसला लिहायचा?

लिहायचे ते एवढ्यासाठी, की त्या दोन-चार मिनिटांत आपल्या कितीतरी घरांत बाळाला चापट बसते. मांडीवर, ढुंगणावर. नाहीतर दोन्ही पाय एका मुठीत करकचून दाबून धरले जातात. नाहीतर डोळे वटारून "थांब, बुवाला बोलावते" म्हणून भीती घातली जाते. आणि हे कुठल्या घरांत? जिथे न गाळलेले पाणी चुलीवर चढत नाही, दिवस मावळल्यावर ताट वाढले जात नाही, अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी चिरली जात नाही, त्या घरांत.

दुसऱ्यांच्या घरचे कशाला, माझेच सांगते. मागच्या चातुर्मासात एका सकाळी मी मंदिरात निघाले होते. आंघोळ करून सोवळ्यात. सून न्हाणीघरात, नातू नऊ महिन्यांचा, आणि त्याने शी केली. उशीर झालेला, सोवळे मोडणार म्हणून चिडलेली. लंगोट सोडला तोच तो पालथा झाला, पाय शीत, हात शीत. मी त्याच्या मांडीवर फाटकन मारली. तो लगेच रडला नाही. आधी माझ्याकडे नुसता बघत राहिला, मग त्याने हंबरडा फोडला. सून ओल्या केसांनीच धावत आली. एक शब्द बोलली नाही, त्याला उचलून घेऊन गेली. त्याच्या मांडीवर माझी बोटे उमटली होती. मी परत आंघोळ करून मंदिरात गेले, पण त्या दिवशी माझे दर्शन झाले असे मी म्हणणार नाही.

आता आपल्या शास्त्राकडे या. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, झेपणार नाही इतके ओझे लादणे आणि अन्नपाणी तोडणे. आपल्यापैकी अनेकींनी ते पाठशाळेत घोकले आहेत. पण 'वध' म्हटले की आपल्या डोळ्यासमोर खाटीक येतो आणि आपण निर्धास्त होतो. आचार्य पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत स्पष्ट केले आहे, की इथे वध म्हणजे प्राण घेणे नव्हे. काठीने, चाबकाने वगैरे मारणे म्हणजे वध. आणि बंध म्हणजे जीवाला त्याला हव्या त्या जागी जाण्यापासून अडकवून ठेवणे. रांगत निघालेल्या बाळाचे पाय रागाने दाबून धरताना आपण काय करत असतो?

"मग काय बाळाला धरायचेच नाही? शीत लोळू द्यायचे?" असे एखादी म्हणेलच. धरायचे, जरूर धरायचे. पलंगावरून पडणाऱ्या बाळाला धरणे ही दया आहे. आपल्याकडे हिंसेचे मूळ प्रमादात सांगितले आहे, म्हणजे बेसावधपणात, कषायात. हात तोच असतो. तो बाळाला सांभाळण्यासाठी पुढे गेला की आपली चीड काढण्यासाठी, हे जिचे तिला कळते. मला त्या सकाळी कळले होते.

दुसरे उत्तर ठरलेले: "आम्हीही मार खाल्ला, आमचे काय वाईट झाले? लहानपणीच वळण लावावे लागते." मोठ्यांचा मान ठेवून सांगते, हे खोटे समाधान आहे. सात-आठ महिन्यांच्या बाळाला वळण कसले कळणार? चार-सहा महिन्यांचे झाले की ते पालथे व्हायला शिकते, पुढे रांगायला, धरून उभे राहायला. आयुष्यातली ही त्याची पहिली कमाई. दिवसभर त्याला तेच करून बघायचे असते, आणि आपण त्याला उताणे पाडून छताकडे बघायला लावतो. ते वळवळते यात खोडी नाही, हट्ट नाही. त्याचे अंग नीट वाढते आहे. चापटीने ते एवढेच शिकते, की आजीने खाली ठेवले की दुखते. म्हणजे पुढच्या वेळी ते आणखी लवकर पळणार, आणि आपण आणखी जोरात धरणार.

आता बंधाचे आणखी एक उदाहरण. तान्ह्याचे पाय सरळ व्हावेत म्हणून दोन्ही पाय जोडून, ताणून दुपट्यात घट्ट बांधायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. ती सोडा. बाळाचे पाय मांडीत दुमडलेले आणि फाकलेलेच असतात, ते तसेच हवेत. ताणून बांधल्याने खुब्याचा सांधा निसटू शकतो. गुंडाळायचेच तर कमरेखाली सैल ठेवा. आणि लंगोट बदलताना पाय बाजूला घेतला की प्रत्येक वेळी बाळ कळवळून रडत असेल किंवा एक पाय दुसऱ्यापेक्षा कमी फाकत असेल, तर रागावू नका, डॉक्टरांना दाखवा.

टीका करून मोकळी होणार नाही. सुनेकडून आणि स्वतःच्या चुकांतून जे शिकले ते सांगते.

बाळाला खाली घेण्याआधी सगळे हाताशी घ्या. कोमट पाणी, मऊ फडकी, कोरडा लंगोट, झबले. आपली निम्मी चीड फडके शोधण्यात जन्मते. बदलायचे ते जमिनीवर, सतरंजीवर. पलंगावर नको, वळवळणारे बाळ डोळ्याची पापणी लवते न लवते तोच पडते. गार पाण्याचा हात लावू नका, आपणही दचकतो. दोन्ही घोटे धरून पाय वर उचलण्यापेक्षा बाळाला अलगद कुशीवर वळवा, एक बाजू पुसा, मग दुसरी. मुलगी असेल तर पुढून मागे पुसा. हातात काहीतरी द्या, वाटी, लाकडी खुळखुळा, फक्त तोंडात अडकेल असे बारीक नको. पावडरचा डबा तर अजिबात नको, पावडर नाकातोंडात जाते.

आणि बोला. "आता पाय पुसते हं, आता दुसरा पाय." शब्द कळत नसले तरी आवाज कळतो. मी णमोकार मंत्र म्हणते. हळूहळू म्हटला की माझाच श्वास खाली येतो.

उभे राहायला लागलेल्या बाळाला आडवे पाडायचा हट्ट आपण सोडावा. खुर्चीला धरून उभे राहू दे, तुम्ही मागे बसून बदला. नुसती शू असेल तर हे सहज जमते. चड्डीसारखा चढवायचा डायपरही मिळतो. कापडी बाळोती चांगली की डायपर यावर आपल्या मंडळात भांडणे होतात, ती दुसऱ्या दिवशी करू. एवढे मात्र नक्की, की वळवळते म्हणून तासन्तास ओले ठेवले तर कातडी सोलवटते. मग पुसताना आग होते आणि बाळ आणखी झटापट करते.

राहिला चौथा अतिचार, अतिभार. तो मला बाळाच्या आईविषयी सांगायचा आहे. लहान बाळाचे कपडे दिवसातून आठ-दहा वेळा बदलावे लागतात. रात्रीही उठावे लागते. त्याच बाईकडून आपण स्वयंपाक, पाहुणे, महाराजांच्या आहाराचा चौका, सगळ्याची अपेक्षा ठेवतो. मग तिचा हात उठला की "काय बाई आई आहे!" म्हणतो. तिच्यावर झेपणार नाही ते ओझे कुणी टाकले? आणि बाळाच्या बाबांनी लंगोट बदलला की "अरे, तू कशाला?" म्हणणारी कोण? आपणच ना? शी धुतल्याने पुरुषाचे काही जात नाही, आणि आपले सोवळेही तांब्याभर पाण्याने परत येते. बाळाच्या अंगावरची बोटे पुसता येत नाहीत.

आपल्या आज्या पाणी गाळून झाले की फडक्यातली जिवाणी परत विहिरीत सोडत. डोळ्याला न दिसणाऱ्या जीवांसाठी एवढा खटाटोप. तो आपण आनंदाने करतो, आणि मांडीवरचा दिसणारा, पाय झाडणारा जीव तेवढा आपल्या व्रतातून सुटतो. मला हे पटत नाही. तुम्हालाही पटू नये.

येत्या दशलक्षण पर्वात पहिल्या दिवशी, उत्तम क्षमेच्या दिवशी, उपवास जमेल तो करा. त्याबरोबर एक नियम घ्या, की वर्षभर घरातल्या दोन वर्षांखालच्या जीवावर हात उचलणार नाही. पाणी गाळण्यापेक्षा हा नियम अवघड आहे, हे अनुभवाने सांगते.

त्या वर्षी क्षमावाणीला मी सगळ्यांची क्षमा मागितली. सुनेची मागितली, आणि मग नातवापुढे बसून हात जोडले. त्याने माझा चष्मा ओढला आणि पालथा होऊन पळाला. लंगोट अर्धाच बांधलेला होता.

जय जिनेंद्र.