हाताने शिवलेली भेट : वेठीकडून मैत्रीकडे

शाळेच्या स्मरणिकेत निकालांविषयी, इमारतींविषयी आणि माजी विद्यार्थ्यांच्या यशाविषयी लेख असावेत, ही वाचकांची अपेक्षा रास्तच आहे. तरीही आम्ही येथे सुई-दोऱ्याविषयी लिहीत आहोत. आपल्या निवासी शाळांतून शिवण-विणकाम शिकवावे की नाही, याबद्दल पालकांत दोन मते आहेत. आम्ही जन्मभर ठिगळे लावली, आता मुलांनीही तेच करावे काय, असे पालक विचारतात तेव्हा त्या प्रश्नामागे पिढ्यांचा अनुभव उभा असतो. तो टाळता येणार नाही. त्याचे उत्तर इतिहासाला स्मरूनच दिले पाहिजे.

कापडाशी आपल्या समाजाचे पहिले नाते अपमानाचे होते. शूद्र सेवकाला उष्टे अन्न व जीर्ण वस्त्रे द्यावीत, चांडाळाने प्रेतावरील वस्त्रे वापरावीत, असे मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सांगितले आहे. माणसाची पायरी त्याच्या अंगावरच्या कापडावरून ओळखू यावी, हाच त्यामागील हेतू. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे त्या ग्रंथाचे दहन झाले. त्याच परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना लुगडे नेसण्याची जात दाखविणारी जुनी तऱ्हा टाकून देण्यास सांगितले. ग्रंथाचे दहन आणि लुगड्याची तऱ्हा हे दोन्ही एकाच लढ्याचे भाग होते. जुनेर देणाऱ्याचा हात नेहमी वर राहतो आणि घेणाऱ्याचा खाली. अशा देण्याला भेट म्हणता येत नाही.

जी गत वस्त्राची, तीच श्रमाची. वतनाच्या नावाखाली महार समाजाकडून तुटपुंज्या मोबदल्यात गावची व सरकारची कामे करून घेतली जात. त्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा मात्र १९५८ साली झाला. शहरात आलेल्यांनाही धाग्याने सोडले नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत सूतकताईच्या खात्यात अस्पृश्य कामगार चालत, पण विणाईच्या खात्यात त्यांना मज्जाव होता. धोट्यातील कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि सवर्ण कामगार त्याचा विटाळ मानीत. अधिक मजुरीचे खाते एवढ्या कारणावरून बंद होते. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर उघडपणे मांडला.

हा इतिहास ठाऊक असताना हातकामाचे आंधळे गोडवे गाणे आम्हांस मान्य नाही. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीवाचून सुसंस्कृत जीवन शक्य होत नाही, ही भूमिका बाबासाहेबांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांप्रत काय केले' या ग्रंथात ठामपणे घेतली. आम्ही हातशिवणीची बाजू घेतो ती याच भूमिकेवर उभे राहून. पोटासाठी किंवा हुकमाने केलेले काम वेगळे आणि मोकळ्या वेळी, स्वतःच्या इच्छेने, स्वतः निवडलेल्या माणसासाठी केलेले काम वेगळे. आज बाजारात तयार स्वेटर मिळतो. त्यामुळे हाताने स्वेटर विणणे ही सक्ती उरली नाही, आणि सक्ती उरली नाही म्हणूनच तो स्वेटर खऱ्या अर्थाने भेट होऊ शकतो.

आपल्या आयाबायांना हा भेद पुस्तकावाचून कळला होता. लेकीचे किंवा सुनेचे दिवस भरत आले की दुपटी, कुंची, टोपरी यांची तयारी सुरू होई. वाकळीसाठी जुनी सुती लुगडी निवडली जात, कारण धुऊन धुऊन खळ गेलेले कापड तान्ह्याच्या अंगाला बोचत नाही. थरांवर थर अंथरून, कडेकडेने धावदोरा घालीत बाया मधोमध येत. एका वाकळीत अनेक दुपारी जात. कापड जुनेच होते, पण ते आपल्या घरचे होते आणि प्रत्येक टाका कोणासाठी पडतो आहे हे टाका घालणारीला ठाऊक होते. जुनेर आणि वाकळ यांतील फरक हा नात्याचा फरक आहे. सुईत ओवण्यापूर्वी दोऱ्याचे टोक ओठांत ओले करावे लागते. तोंड लागलेल्या धाग्याने ज्यांना विटाळ झाला, त्यांच्या गिरणीपासून ही वाकळ किती दूर होती, याचा विचार वाचकांनी करावा.

मात्र एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. हे सारे काम स्त्रियांवरच पडले. शेतात राबून, मोळी आणून, चूल पेटवून मग त्यांनी सुई हाती घेतली. शिवण हे मुलींचेच काम, ही समजूत आपण पुढे नेणार असू, तर शिवणवर्ग बंद केलेला बरा.

धम्माने याबाबत आपल्याला वेगळी वाट दाखविली आहे. भिक्खूजवळ ज्या आठ वस्तू असाव्यात, त्यांत सुई आहे. आपले चीवर भिक्खू स्वतः शिवीत आणि स्वतः रफू करीत. चीवराचे तुकडे जोडण्याची रीत मगधातील बांधांनी आखलेल्या शेतांवरून भगवान बुद्धांनी सुचविली आणि आनंदाने ती आखून दिली, असे विनयपिटकात सांगितले आहे. मज्झिम निकायातील दक्खिणाविभंग सुत्तात महाप्रजापती गोतमी स्वतः सूत काढून, स्वतः विणलेली वस्त्रांची जोडी घेऊन कपिलवस्तूला तथागतांकडे येते. ती पुन्हा पुन्हा विनविते, आणि तथागत ती जोडी संघाला द्यावी असे सांगतात. जिने वाढविले तिच्या हातची माया नाकारण्याचा तो प्रसंग नव्हे. एका माणसासाठी विणलेल्या मायेची कक्षा संपूर्ण संघापर्यंत वाढविण्याचा तो प्रसंग आहे, असे आम्ही समजतो.

यावरून आमच्या काही सूचना आहेत. शाळेत शिवण-विणकाम शिकवावे, पण मुलगे व मुली यांना एकाच वर्गात शिकवावे. सुलट-उलट टाके, धावदोरा, काज आणि बटण एवढे प्रत्येकाला आले पाहिजे. अभ्यासिकेच्या तासातला एकही तास त्यासाठी घेऊ नये. दहावीचे शिक्षण संपवून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याने, इच्छा असल्यास, नव्याने दाखल होणाऱ्या लहान मुलासाठी एक वस्तू करून ठेवावी. दप्तराची पिशवी, कानटोपी, उशीचा अभ्रा, काहीही चालेल. घरापासून पहिल्यांदा दूर आलेल्या मुलाला पहिल्या रात्री ती मिळावी. या वस्तूंना गुण देऊ नयेत, त्यांची विक्री करू नये आणि देणगीदारांपुढे त्या मांडू नयेत. विक्री सुरू झाली की मागणी येईल, आणि मागणीमागून वेठही येईल.

माजी विद्यार्थ्यांनाही आमची एक विनंती आहे. स्नेहमेळाव्याला येताना दुकानातली शाल आणि चकचकीत सन्मानचिन्हे आणू नयेत. ज्यांना शिवता-विणता येते त्यांनी एखादा रविवार मुलांमध्ये बसावे. ज्यांना येत नाही त्यांनी मुलांकडून शिकावे. अधिकारी, अभियंता, प्राध्यापक झालेल्या माणसाला पाचवीतल्या मुलीने दोरा ओवायला शिकविला, तर त्यात कमीपणा कसला?

पालकांच्या मूळ प्रश्नाला आमचे उत्तर एवढेच आहे. आपली मुले शिकतील, मोठ्या पदांवर जातील, यंत्रे चालवतील आणि नवी यंत्रे घडवतीलही. त्यांच्यावर ठिगळे लावण्याची पाळी पुन्हा येऊ नये, यासाठीच ही शाळा उभी आहे. त्यांच्या वाट्याला आलेल्या मोकळ्या वेळातील काही तास त्यांनी दुसऱ्याच्या अंगाला ऊब मिळावी म्हणून खर्च केले, तर आपल्या आयाबायांचे कष्ट त्यांना नीट समजले असे आम्ही म्हणू.